कोऱ्या कागदावरील सह्या : सिलोने यांच्या दोन कादंबऱ्या आणि फॅसिझमचा उदय

जून महिन्याचा पहिला दिवस. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात त्या रात्री विजेचे दिवे लागत नाहीत. बिले थकली आहेत, म्हणून वीज तोडली आहे. अंधारात बसलेल्या शेतकऱ्यांकडे शहरातून एक गृहस्थ येतो, त्यांच्यापुढे कोऱ्या कागदांची चळत ठेवतो आणि सह्या मागतो. यातून नवा कर तर लागणार नाही ना, एवढीच खात्री शेतकरी करून घेतात. तो नाही म्हणतो. ते सह्या करून देतात. पाठोपाठ मजूर येतात आणि गावच्या ओढ्याचे पाणी दुसरीकडे वळवू लागतात. मग उलगडा होतो, की त्या सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत अर्ज लिहिला गेला आहे : आमच्या जमिनीपेक्षा अधिक भांडवल असलेल्या मालकाच्या जमिनीला हे पाणी द्यावे, अशी गावकऱ्यांचीच विनंती आहे!

इग्नात्सिओ सिलोने यांची ‘फोन्तामारा’ ही कादंबरी अशी सुरू होते. फॅसिझम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळे सदरे, उंचावलेले हात, सज्जातून गर्जणारा नेता आणि खाली चौकात उसळलेला जनसमुदाय असे चित्र उभे राहते. ते चित्र खोटे नाही, पण उशिराचे आहे. चौक भरण्यापूर्वी पुष्कळ काही घडून गेलेले असते, आणि ते जेथे घडते तेथे छायाचित्रकार नसतो. तो आधीचा काळ एका खेड्याच्या उंबरठ्यावरून दाखवणे हे सिलोने यांचे कार्य होय. या कादंबरीचा, आणि तिच्यानंतर आलेल्या ‘भाकरी आणि द्राक्षारस’ या कादंबरीचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. दोन्ही ग्रंथांत धर्मगुरू आहेत. त्यामुळे आमच्यासारख्या धर्मगुरूला हे परीक्षण तटस्थपणे लिहिता येईल असे नाही, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे.

सिलोने यांचे मूळ नाव सेकोन्दीनो त्रांक्विल्ली. त्यांचा जन्म १ मे १९०० रोजी आब्रुत्सोतील पेशीना या गावी झाला. १३ जानेवारी १९१५ रोजी झालेल्या भूकंपाने तो सारा मुलूख उद्ध्वस्त केला. सुमारे तीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. सिलोने यांची आई त्यांतच गेली. मागे उरलेल्या दोघा भावंडांपैकी धाकटा रोमोलो. त्या ढिगाऱ्यांतून अनाथ मुले गोळा करीत फिरणाऱ्या एका धर्मगुरूला सिलोने यांनी तेव्हाच पाहिले होते. ते डॉन लुइजी ओरिओने, ज्यांना २००४ साली संतपद बहाल झाले. पुढे तरुणपणी सिलोने समाजवादी चळवळीत शिरले. १९२१ साली इटलीचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, त्या संस्थापकांत ते होते. स्टॅलिनच्या मार्गाशी न पटल्याने १९३१ साली त्याच पक्षाने त्यांना बाहेर काढले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील दावोस येथे, आजारी आणि परागंदा अवस्थेत, त्यांनी ‘फोन्तामारा’ लिहिली. ती प्रथम १९३३ साली झुरिकमध्ये जर्मन भाषांतराच्या रूपाने निघाली. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला जर्मनीची सूत्रे हिटलरच्या हाती गेली होती. इटलीच्या खेड्याची ही कहाणी जर्मन वाचकांच्या हाती पडली ती अशा मुहूर्तावर!

कादंबरी समजण्यासाठी तिच्या मागील इतिहासाची थोडी उजळणी करावयास हवी. पहिल्या महायुद्धात इटली जिंकणाऱ्यांच्या बाजूला होती, पण सुमारे सहा लाख सैनिक गमावून बसली होती. परतलेल्या जवानांना जमिनीचे आश्वासन होते. हाती मिळाली बेकारी आणि महागाई. १९१९ व १९२० या दोन वर्षांत संपांनी आणि जमिनींच्या ताब्यांनी देश ढवळून निघाला. २३ मार्च १९१९ रोजी मिलान शहरात मुसोलिनी यांनी आपली संघटना स्थापली, तेव्हा तिला फारसे कोणी विचारीत नव्हते. पुढे जमीनदारांनी शेतमजुरांच्या संघटना मोडून काढण्यासाठी तिच्या टोळ्यांना हाताशी धरले आणि तिचे बळ वाढले. तरीही १९२१ सालच्या निवडणुकीत फॅसिस्टांना लोकसभेत अवघ्या ३५ जागा मिळाल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी त्यांच्या तुकड्या रोमवर चालून आल्या. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूमनामा तयार करून राजापुढे ठेवला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही केली नाही. त्या न केलेल्या सहीने मुसोलिनी पंतप्रधान झाले.

राजाने कागद वाचून सही नाकारली. फोन्तामाराच्या शेतकऱ्यांनी कागद कोरा असताना सही दिली. इटलीच्या त्या वीस वर्षांकडे सह्यांचा इतिहास म्हणूनच पाहता येईल, असे आम्हांस वाटते. १९२३ साली असा कायदा आला, की किमान पंचवीस टक्के मते मिळवून जो पक्ष पहिला येईल त्याला दोन तृतीयांश जागा मिळाव्यात. जून १९२४ मध्ये या कारभाराविरुद्ध उभे राहिलेले समाजवादी खासदार मत्तेओत्ती यांचा खून झाला. १९२६ साली गावोगावचे निवडून आलेले नगरप्रमुख रद्द होऊन वरून नेमलेला ‘पोदेस्ता’ आला. १९३१ साली विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ लिहून घेण्यात आली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले. हे सारे कायदेशीर होते. कागद होता, शिक्का होता, सही होती.

आता कादंबरीकडे वळू. ‘फोन्तामारा’ या नावाचा अर्थ कडू झरा. गाव कल्पित आहे, पण त्याच्या पायथ्याशी पसरलेले फुचिनोचे खोरे खरे आहे. एकोणिसाव्या शतकात तोर्लोनिया नावाच्या सरदार घराण्याने तेथील विस्तीर्ण सरोवर उपसून सुपीक जमीन काढली आणि ती आपल्या मालकीची केली. १९५० नंतरच्या भूसुधारणेपर्यंत ती त्यांच्याकडेच होती. गावातील माणसांना ‘काफोनी’ म्हणतात. दरिद्री, अडाणी शेतकऱ्याला हिणवण्याचा हा दक्षिण इटलीतील शब्द. सिलोने तो हेतुपुरस्सर वापरतात. एक गावकरी जगाची उतरंड सांगतो. सर्वांत वर परमेश्वर, त्याखाली सरदार तोर्लोनिया, त्याखाली त्याचे पहारेकरी, त्याखाली पहारेकऱ्यांचे कुत्रे. आणि त्यानंतर पुष्कळ पायऱ्या मोकळ्या सोडून काफोनी. आपल्या वाचकांना ही उतरंड वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी गेले म्हणून गावातील बायका शहरात दाद मागायला जातात. नगरप्रमुखाला भेटायचे म्हणतात तर कळते, की नगरप्रमुख आता नसतोच, पोदेस्ता असतो. पोदेस्ता कोण, तर ज्याच्या जमिनीकडे पाणी वळले आहे तोच नवश्रीमंत कंत्राटदार! मध्यस्थीला वकीलसाहेब डॉन चिर्कोस्तान्त्सा येतात, जे स्वतःला जनतेचे मित्र म्हणवून घेतात. त्यांचा निवाडा असा : पाण्याचे तीन चतुर्थांश कंत्राटदाराला, आणि उरलेल्या पाण्याचे तीन चतुर्थांश गावाला. म्हणजे दोघांनाही सारखेच तीन चतुर्थांश! बायका ऐकून घेतात. आम्ही हे गणित एकदा धर्मग्रामातील शाळकरी मुलांना घातले होते. पाण्याचे सोळा भाग केले तर कंत्राटदाराच्या वाट्याला बारा येतात, गावाच्या वाट्याला तीन, आणि सोळावा भाग कोणाचा हे कोणीच सांगत नाही. पुढे ही व्यवस्था किती काळ चालायची असा प्रश्न निघतो. पन्नास वर्षे म्हटली तर शेतकरी खवळतील, म्हणून ‘दहा लुस्त्रो’ असे ठरते. लुस्त्रो म्हणजे पाच वर्षे, हे काफोनींना ठाऊक नसते. दहा या आकड्यावर ते समाधान मानतात.

पाण्याची पाळी ज्यांनी रात्री कंदील घेऊन सांभाळली आहे, त्यांना या प्रसंगातील वेदना कळेल. प्रथम हसू येते आणि मग ते घशात अडकते. आमच्या मते सिलोने यांचे फॅसिझमविषयीचे सर्वांत खोल निरीक्षण येथे आहे. हुकूमशाहीचे पहिले आक्रमण शरीरावर होत नाही. ते शब्दांवर होते. ‘तीन चतुर्थांश’ याचा अर्थ तीन चतुर्थांश राहात नाही, ‘विनंती’ म्हणजे लूट होते, आणि ‘जनतेचा मित्र’ जनतेला विकतो. फुचिनोच्या जमिनीच्या वाटपाची सभा भरते तेव्हाही तेच. शेतकऱ्यांना वाहनांत भरून नेतात, घोषणा द्यायला लावतात, आणि निर्णय लागतो तो असा, की जमीन ती कसण्याची ऐपत असणाऱ्यांना मिळेल. शब्द पुरेसे पोकळ झाले, की मगच सशस्त्र टोळी येते. पुरुष शेतावर असताना ती गावात शिरते आणि स्त्रियांवर अत्याचार करते. संध्याकाळी परतणाऱ्या एकेका पुरुषाला चौकात उभे करून विचारले जाते : जयजयकार कोणाचा? कोणी पवित्र मरियेचे नाव घेतो, कोणी करांचा धिक्कार करतो, कोणी चोरांचा. प्रत्येक उत्तर चुकते आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकेक शिक्का बसतो. बरोबर उत्तर कोणते, हे गावात कोणालाच माहीत नसते. परीक्षा घेणाऱ्यांनी ते कधी सांगितलेलेच नसते.

या कादंबरीचे निवेदन विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एक शेतकरी, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा असे तिघे आळीपाळीने कथा सांगतात. त्यांचे सर्वनाम ‘आम्ही’ हे आहे. हा ‘आम्ही’ आरंभी केवळ सवयीचा आहे. गावाचे दुःख सामाईक असले, तरी संकट आले की जो तो आपापल्या दाराला कडी लावतो. बेरार्दो व्हिओला हा भूमिहीन, दांडगा तरुण रोमला कामाच्या शोधात जातो, तेव्हा त्याला फक्त स्वतःच्या लग्नाचा आणि चार गुंठे जमिनीचा ध्यास असतो. एका अनोळखी क्रांतिकारकासोबत तो तुरुंगात पडतो. त्याची एल्विरा वारलेली असते. मग तो त्या अनोळखी माणसाचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो, आणि छळाने मरतो. अधिकारी त्याला आत्महत्या ठरवतात. त्याच्या मरणानंतर गाव स्वतःचे हस्तपत्र काढते. त्याचे नाव, काय करावे? जुन्या ‘आम्ही’चा नवा ‘आम्ही’ होतो, आणि त्याची किंमत म्हणून गावावर गोळ्या झाडल्या जातात.

दोषही सांगितले पाहिजेत. शहरातील पात्रे व्यंगचित्रासारखी एकरंगी उतरली आहेत. त्यांची नावेच त्यांचा निकाल लावून टाकतात. चिर्कोस्तान्त्सा म्हणजे परिस्थिती : वारा येईल तशी पाठ फिरवणारा. बेरार्दोचे अंतःपरिवर्तनही घाईने झाल्यासारखे वाटते. त्याहून मोठी उणीव ऐतिहासिक आहे. इटलीच्या खेड्यांत त्या काळी काथलिक शेतकऱ्यांच्या संघटना होत्या, सहकारी संस्था होत्या. डॉन लुइजी स्तुर्त्सो या धर्मगुरूने १९१९ साली स्थापलेला लोकपक्ष होता. फॅसिस्ट टोळ्यांनी या काथलिक संस्थाही मोडल्या. त्यांचा मागमूस ‘फोन्तामारा’त नाही. तेथे ख्रिस्तसभेचा प्रतिनिधी एकच, डॉन अब्बाक्यो. आपल्याला डॉन बॉस्को या नावामुळे परिचित असलेली ‘डॉन’ ही पदवी इटलीत धर्मगुरूलाही लावतात आणि प्रतिष्ठितालाही. वकीलही डॉन आणि धर्मगुरूही डॉन. अब्बाक्यो म्हणजे ताटात वाढले जाणारे कोवळे कोकरू. हे गृहस्थ कंत्राटदाराच्या पंगतीला बसतात, भरपेट जेवतात, आणि अंगणात उन्हात उभ्या असलेल्या बायकांसाठी त्यांच्याजवळ शब्द नसतो.

आणि एका गावकऱ्याचे ते स्वप्न! पोप आणि सरकार यांच्यात समेट झाल्यावर तो स्वप्नात पाहतो, की ख्रिस्त व पोप त्या मुलखावरून जात आहेत. काफोनींना जमीन द्यावी, कर माफ करावेत, चांगले पीक द्यावे, असे ख्रिस्त सुचवतो. प्रत्येक वेळी पोप कोणा ना कोणा बड्याची अडचण पुढे करतात. शेवटी गरिबांच्या डोक्यांवर पडते काय, तर उवा! सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असताना ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर आम्हांला सापडले, तेव्हा हे पान वाचून आम्ही संतापाने पुस्तक मिटले होते. तीस वर्षांनी पुन्हा वाचताना संताप आला नाही, वाईट वाटले. निंदा आणि आक्रोश यांतील फरक कळायला धर्मगुरूलाही एवढी वर्षे लागतात.

तो समेट म्हणजे ११ फेब्रुवारी १९२९ रोजी झालेला लातेरान करार. त्यावर सही करताना ख्रिस्तसभेचा हेतू वाईट नव्हता. साठ वर्षांचे भांडण मिटले आणि पोपमहाशयांना स्वतंत्र भूमी मिळाली. १९३१ साली मुसोलिनींनी काथलिक युवक संघटना बरखास्त केल्या, तेव्हा पोप पायस अकरावे गप्प बसले नाहीत. २९ जून १९३१ रोजी दिलेल्या परिपत्रात त्यांनी राज्याला देव मानणाऱ्या विचारसरणीचा स्पष्ट निषेध केला. १९३७ साली जर्मनीतील नाझी राजवटीविरुद्धचे त्यांचे पत्र तेथील चर्चमधून झावळ्यांच्या रविवारी वाचले गेले. हे आपल्या अभिमानाचे विषय होत. तथापि प्रामाणिक वाचकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९२३ सालच्या त्या निवडणूक कायद्याच्या वेळी स्तुर्त्सो यांना पक्षाचे चिटणीसपद सोडावे लागले, आणि पुढच्याच वर्षी देश. २३ ऑगस्ट १९२३ च्या रात्री आर्जेन्ता या गावचे धर्मगुरू डॉन जिओवान्नी मिन्झोनी यांना फॅसिस्टांनी डोक्यात घाव घालून ठार केले. युद्धात शौर्यपदक मिळवलेला हा माणूस आपल्या गावच्या मुलांची काथलिक बालवीर संघटना चालवीत होता, एवढाच त्याचा अपराध. या घटनेनंतर साडेपाच वर्षांनी करार झाला. आमच्या संघटनांना हात लागला तेव्हा आम्ही बोललो. शेजाऱ्याचे पाणी वळवले गेले तेव्हा आम्ही कोठे होतो? अब्बाक्यो हे पात्र अतिरंजित असेल, पण हा प्रश्न अतिरंजित नाही.

१९३६ साली, पुन्हा जर्मन भाषांतरातूनच, ‘भाकरी आणि द्राक्षारस’ बाहेर आली. १९५५ साली सिलोने यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली, आणि नावातील शब्दांचा क्रम उलटा केला. पिएत्रो स्पिना हा क्रांतिकारक परदेशातून लपूनछपून परततो आणि धर्मगुरूचा झगा घालून, डॉन पाओलो या नावाने, एका डोंगरी खेड्यात राहतो. वेषांतरासाठी घातलेला झगा त्याला हळूहळू आतून बदलू लागतो. लोक त्याच्याजवळ दुःखे घेऊन येतात. तो संस्कार देऊ शकत नाही, पण ऐकू शकतो. आणि येथे सिलोने आपल्या पूर्वीच्या ग्रंथातील उणीव भरून काढतात. स्पिनाचे वृद्ध शिक्षक डॉन बेनेदेत्तो हे या कादंबरीचे खरे केंद्र आहे. पंचाहत्तराव्या वाढदिवशी बागेच्या कठड्यावर बसून ते जुन्या विद्यार्थ्यांची वाट पाहतात. बहीण मार्ता मागावर बसली आहे. विद्यार्थी येतात ते मोजकेच. बाकीचे सारे सुखवस्तू झालेले, प्रत्येकाची कोठेतरी सही होऊन गेलेली. बेनेदेत्तो कटात नाहीत, सभेत नाहीत. ते फक्त खोटे बोलायला नकार देतात. पुढे मिस्साबलिदान अर्पण करताना पेल्यातील द्राक्षारसात कालवलेल्या विषाने त्यांचा अंत होतो.

कादंबरीत इथिओपियावरील स्वारीचा काळ आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये ते युद्ध सुरू झाले. १८ डिसेंबर १९३५ रोजी इटलीभर स्त्रियांनी युद्धनिधीसाठी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या दिल्या. इटालियन भाषेत लग्नाच्या अंगठीला आणि श्रद्धेला एकच शब्द आहे : ‘फेदे’. त्या दिवसाला ‘फेदे’चा दिवस असे नाव दिले गेले. अनेक धर्माधिकाऱ्यांनीही त्या दानाला हातभार लावला. शब्दांवरील आक्रमण कोठपर्यंत पोचते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. कादंबरीतही युद्धघोषणेच्या दिवशी सारा गाव जयघोषात न्हाऊन निघतो. रात्री स्पिना कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीवर विरोधाचे शब्द लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी राजवट त्या एका कोळशाला घाबरते. सर्वांनी होकार दिलेला असताना एकाचा नकार एवढा मोठा असतो.

कलाकृती म्हणून दुसरी कादंबरी पहिलीइतकी एकसंध नाही. संवादांत चर्चा फार आहे, रोममधील प्रकरणे रेंगाळतात. पण तिच्या शेवटाकडचा एक प्रसंग आमच्या वाचनातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी आहे. लुइजी मुरिका हा तरुण विद्यार्थी. पोलिसांनी मारहाण करून त्याला आपला खबऱ्या केलेले. तो गावी पळून येतो, प्रथम डॉन बेनेदेत्तोंजवळ आणि मग स्पिनाजवळ आपले पाप उघड करतो. क्षमा मिळाल्यावर त्याला बळ येते, आणि ज्या सत्याशी त्याने द्रोह केला होता तेच तो लिहून ठेवतो. त्याला पकडून शिपाई त्याची राजा म्हणून विटंबना करतात आणि जीव जाईपर्यंत मारतात. घरी शोकाला आलेल्या माणसांपुढे त्याचा बाप भाकरी आणि द्राक्षारस ठेवतो. हे गहू पेरायला, खुरपायला, मळायला मुलाचा हात लागला होता. ही द्राक्षवेलही त्याच्याच हातची. बाप एवढेच सांगतो, आणि सारे खातात, पितात. येथे लेखक धर्मशास्त्र सांगत नाही, पक्षही सांगत नाही. रोज वेदीवर उभे राहणाऱ्या आम्हांला मात्र त्या टेबलापाशी मान खाली घालून उभे राहावेसे वाटते.

येथवर लिहून थांबलो असतो तर परीक्षण सुखाचे झाले असते. पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दारिओ बिओक्का आणि माउरो कानाली या दोन इतिहाससंशोधकांनी इटलीच्या सरकारी दप्तरांतून कागद बाहेर काढले. त्यांचा निष्कर्ष असा, की सिलोने स्वतःच तरुणपणी अनेक वर्षे पोलिसांना आपल्या सहकाऱ्यांविषयी माहिती पुरवीत होते. १३ एप्रिल १९३० या तारखेचे एक पत्र त्यांत आहे. दुसऱ्या नावाने सही केलेले, आणि हे संबंध कायमचे तोडण्याची इच्छा सांगणारे. सिलोने यांचे पाठीराखे हे सारे मानत नाहीत. १९२८ साली अटक झालेल्या धाकट्या भावाला वाचवण्याची धडपड हे त्या संबंधांचे कारण असावे, असेही काहींनी म्हटले. तो भाऊ रोमोलो १९३२ साली प्रोचिदाच्या तुरुंगात मरण पावला. वाद मिटलेला नाही, आणि त्यावर निकाल देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही.

परंतु तारखा पाहा. ते पत्र १९३० चे. ‘फोन्तामारा’ त्याच वर्षी लिहिली गेली. मुरिकाचे पापनिवेदन १९३६ चे. आरोप खरा असेल, तर काय म्हणावे? काहींनी म्हटले, की मग हे ग्रंथ ढोंग ठरतात. आमचे मत वेगळे आहे. प्रायश्चित्ताच्या आसनावर इतकी वर्षे बसल्यावर आम्ही एक गोष्ट शिकलो : ज्याने सत्य विकले त्याला सत्याची किंमत बाजारातील कोणाहीपेक्षा नेमकी ठाऊक असते. याने पाप पुसले जात नाही. ज्या सहकाऱ्यांचा विश्वासघात झाला असेल त्यांचे ऋण कादंबरीने फिटत नाही. पण त्यामुळे साक्षही खोटी होत नाही. कोऱ्या कागदावर सही करणारा माणूस कसा असतो, हे लिहिणाऱ्याने कदाचित बाहेरून पाहिलेले नसेल. फॅसिझम वाढतो तो केवळ दुष्टांमुळे नव्हे. तो भ्यालेल्या, थकलेल्या, घरच्या कोणाला तरी वाचवू पाहणाऱ्या चांगल्या माणसांमुळेही वाढतो. ही जाण त्या काळाविषयीच्या पुष्कळ ग्रंथांत आढळत नाही. येथे ती आहे.

आणि आम्ही हे कोणत्या तोंडाने लिहितो? काही वर्षांपूर्वी एका रविवारी दोघे गृहस्थ मिस्सापूर्वी आमच्याकडे एक अर्ज घेऊन आले. रस्त्याच्या दुरुस्तीची मागणी आहे, फादर, लोकांना सह्या करायला सांगा. माणसे ओळखीची, बोलणे गोड. आम्ही पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि वेदीवरून सूचना दिली. मिस्सानंतर रांग लागली. म्हाताऱ्या बायकांनी अंगठे उठवले, कारण फादरांनी सांगितले होते. गावच्या तळ्याकाठची पट्टी सोडून द्यायला आमची हरकत नाही, हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होते. ते पुढे कळले. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून क्षमा मागितली आणि तो अर्ज मागे घेण्यासाठी दुसरा अर्ज केला. त्याला सह्या पहिल्याच्या निम्म्याही मिळाल्या नाहीत. इटलीतील त्या भयंकर काळाशी याची तुलना करणे हास्यास्पद होईल, हे आम्ही जाणतो. तरी त्या दिवसापासून डॉन अब्बाक्यो हे आम्हांला व्यंगचित्र वाटेनासे झाले.

सिलोने २२ ऑगस्ट १९७८ रोजी जिनिव्हा येथे वारले. पेशीना गावी, भूकंपात पडझड झालेल्या एका जुन्या चर्चच्या घंटाघराखाली त्यांची समाधी आहे. त्यांनी उत्तरायुष्यात डॉन ओरिओने यांच्या आठवणी लिहिल्या. शाळेतून पळालेल्या, रुसलेल्या मुलाला घेऊन जायला आलेला हा धर्मगुरू रेल्वे स्थानकावर त्याचे गाठोडे उचलतो, मुलाने मुद्दाम खोडीने मागितलेले समाजवादी वर्तमानपत्र विकत घेऊन देतो, आणि रात्रभराच्या प्रवासात त्याच्याशी बरोबरीच्या माणसासारखे बोलतो. राजकारणावरचे प्रवचन तेथे नाही. ख्रिस्तसभेवर रागावलेल्या या लेखकाला डॉन बेनेदेत्तो कोठे भेटले असावेत, याचे उत्तर बहुधा त्या रात्रीच्या गाडीत आहे.

आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत या दोन कादंबऱ्या असाव्यात, असे आम्हांस मनापासून वाटते. इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी त्या वाचाव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांना पाण्याच्या वाटणीचा प्रसंग मराठीत सांगावा. ऐकणारे आधी हसतील. मग कोणीतरी आजी विचारील, तो सोळावा भाग कोणाकडे गेला?